घरबसल्या रॉटरडॅममधली चित्रं नीट बघायची तर कशी बघावीत?

तुमचा प्रश्न असा: नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला जाणं जमणार नाही, संग्रहालयांच्या व्हर्च्युअल टूर उघडल्या की पाच मिनिटांत कंटाळा येतो, मग तिथली प्रदर्शनं घरून बघण्यात काही अर्थ आहे का?

आहे, पण आधी टूरचा नाद सोडा. टूरसाठी कॅमेरा दालनात मधोमध उभा केलेला असतो. चित्र लांबवर भिंतीवर दिसतं आणि जवळ जायला जावं तर ते फुटतं. कुठलं चित्र कशाशेजारी टांगलंय, एवढंच त्यातून कळतं. घरून बघण्याची खरी मजा उलट्या बाजूला आहे. तिथे प्रत्यक्ष उभं राहूनही नाक लावता येणार नाही इतक्या जवळून चित्र बघायला मिळतं. म्हणून एका बैठकीला एकच चित्र घ्या आणि त्याला पाऊण तास द्या.

सुरुवात बोइमान्स फान बॉयनिंगेन या संग्रहालयापासून करा. त्याची मूळ इमारत दुरुस्तीसाठी २०१९ पासून बंद आहे. शेजारीच २०२१ साली उघडलेल्या आरसेवाल्या गोल डेपोत, म्हणजे साठवणीच्या इमारतीत, १ लाख ५१ हजार वस्तू ठेवल्या आहेत, त्याही काळानुसार किंवा चित्रकारानुसार नाही, तर कुणाला किती थंड आणि कोरडी हवा लागते त्यानुसार. त्यामुळे या संग्रहाची ओळख करून घ्यायला ऑनलाइन सूची हा मला तरी उत्तम मार्ग वाटतो.

संग्रहालयाच्या साइटवर संग्रहाच्या विभागात जा आणि चित्रकाराच्या नावाने शोधा. चित्राच्या नावाने शोधायचं असेल तर डच नाव टाकून बघा. ब्राउझरचं आपोआप भाषांतर शोधताना बंद ठेवा, ते चित्रांच्या नावांचीही भाषांतरं करून घोळ घालतं.

पहिलं चित्र पीटर ब्रूगेल या चित्रकाराचं ‘बाबेलचा मनोरा’, साधारण १५६८ चं. हा बायबलमधल्या गोष्टीतला आभाळापर्यंत बांधायला घेतलेला मनोरा. संग्रहालयाच्या नावातले फान बॉयनिंगेन हे बंदरातल्या कोळशाच्या आणि जहाजांच्या धंद्यातले बडे व्यापारी होते. त्यांच्या संग्रहातून हे १९५८ साली संग्रहालयाकडे आलं. गूगल आर्ट्स अँड कल्चरवर त्याची खूप मोठी प्रत आहे, ती लॅपटॉपवर पूर्ण पडदा करून उघडा. आधी उजवीकडे खाली बंदरावर जा, तिथली गलबतं बघा. मग मनोऱ्याच्या भिंतीवर उभे दोन पट्टे शोधा, एक लालसर आणि एक पांढरा. दुरून ते रंगाचे ओघळ वाटतात. जवळ गेलं की उलगडतं: विटा आणि चुना जिथून वर ओढतात तिथे विटांची भुकटी आणि चुन्याची धूळ भिंतीवर बसली आहे. बांधकामावरची धूळसुद्धा ज्याने नोंदवली त्याच्या चित्रात अशा आणखी जागा सापडतील. चढणीवरून निघालेली लाल छताची मिरवणूक मात्र तुम्हीच शोधा.

झूम केल्यावर चित्र धूसर दिसलं तर लगेच पुढे सरकू नका. अशी मोठी चित्रं लहान चौकोनांत कापून ठेवलेली असतात आणि चौकोन एकेक करून उतरतात. दहा सेकंद थांबा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आकाराची. हे चित्र साधारण ६० × ७५ सेंमी आहे. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा जेमतेम १९ सेंमी उंच असतो, म्हणजे पूर्ण चित्र दिसतं तेव्हा ते एक तृतीयांशाहून लहान झालेलं असतं. वर्तमानपत्राचे कागद जोडून त्या मापाचा आयत भिंतीवर चिकटवा आणि दोन पावलं मागे उभे राहून बघा. मग व्हिएन्नाच्या ‘इनसाइड ब्रूगेल’ या साइटवर ब्रूगेलचाच १५६३ चा मोठा मनोरा उघडा, तो ११४ × १५५ सेंमी आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कागद लावला की फरक अंगावर येतो.

रंगांसाठी रात्रीचा पिवळा प्रकाश आणि आपोआप बदलणारी ब्राइटनेस, दोन्ही बंद ठेवा. एकाच चित्राचे रंग दोन ठिकाणी वेगळे दिसले तर संग्रहालयाच्या फोटोवर विश्वास ठेवा.

दुसऱ्या बैठकीला हिएरोनिमस बॉशचा ‘फेरीवाला’ (डच नाव ‘दे मार्सक्रामर’). एका पायात बूट, दुसऱ्यात सपाता, पोटरीला पट्टी, पाठीवरच्या टोपलीला लटकलेला मोठा चमचा. चित्राच्या मधोमध उभा सांधा दिसेल. मुळात ही एका घडीच्या चित्राची बाहेरची दोन दारं होती, ती नंतर जोडली. आतले भाग आज पॅरिसचं लूव्हर, अमेरिकेतलं येल आणि वॉशिंग्टन इथे विखुरले आहेत, आणि रॉटरडॅम धरून चारही ठिकाणचे तुकडे एका दुपारी शेजारीशेजारी बघणं फक्त पडद्यावरच जमतं. बॉश रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन प्रोजेक्टच्या साइटवर साधा फोटो आणि इन्फ्रारेड फोटो एकत्र सरकवता येतात. रंगाखालचं काळं रेखाटन इन्फ्रारेडमध्ये वर येतं. चेहरा आणि पावलं आधी तपासा, रंगवताना काय बदललं ते तिथे कळतं.

आधुनिक चित्रांच्या बाबतीत निराश होऊ नका. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चित्रांचे हक्क (कॉपीराइट) राहतात, त्यामुळे १९६७ साली वारलेल्या माग्रितसारख्यांच्या मोठ्या प्रती सहसा मिळत नाहीत. शहरातल्या कुन्स्टहालकडे तर स्वतःचा संग्रहच नाही, तिथली प्रदर्शनं चालू असतानाच बघून घ्यावीत.

थेट प्रक्षेपित होणारं व्याख्यान असेल तर वेळ जपा. तिथले रात्रीचे ८ म्हणजे भारतात उन्हाळ्यात ११:३० आणि हिवाळ्यात १२:३०. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.