परसदारची विचारपूस : सासूबाईंची बाग ठेवू की काढू?

प्रश्न : सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांनी तीसेक वर्षं वाढवलेली परसबाग आता माझ्या गळ्यात आली आहे. मला बागेतलं फारसं कळत नाही. रोज तासभर तिथं जातो आणि मेथीची जुडी तर मंडईतही मिळते. मिस्टर म्हणतात, फरशी घालून गाडी लावू. एवढं राबून नक्की मिळतं काय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, मेथीचा हिशेब मांडलात तर बाग हरणारच. मेथी महिन्याभरात कुठंही येते, गच्चीवरच्या घमेल्यातसुद्धा. जुन्या बागेत बघायचं ते आपण न पेरलेलं.

आम्ही वाईत हे घर घेतलं तेव्हा मागं अशीच आयती बाग होती. पहिल्याच थंडीत हौदाजवळचा मोकळा तुकडा मला खुपायला लागला. खणला, मुळा पेरला. कसलेसे कंद निघाले, ते उकिरड्यावर टाकले. चैत्रात शेजारच्या आजी कुंपणावरून डोकावल्या, “अगं, भुईचाफा कुठं गेला?” थंडीत त्याची पानं मरतात, जागा ओसाड दिसते, मग उन्हाळ्यात नुसत्या मातीतून जांभळट-पांढरं फूल वर येतं, पान मागाहून. मला हे कुठं ठाऊक! मुळे मात्र बरे झाले होते.

म्हणून पाडवा ते पाडवा काहीही उपटू नका. पाणी घाला, वाळलेलं काढा, बाकी नुसतं बघा. वळवाच्या सरीनं अबोलीची बोंडं तडतड फुटतात आणि पुढं पावसाळ्यात फरशीच्या फटीतसुद्धा रोपं येतात. मोरीच्या पाण्यावर अळू माजतं. काळ्या देठाचं वडीला, हिरव्याचं फतफतं. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या अळ्या दिसल्या तर फवारा उचलू नका, त्यांची फुलपाखरं होतात. हातभर रोप असतं तर मीही वेचल्या असत्या. डोक्यावर गेलेल्या झाडाला वीस अळ्या जड नाहीत.

मोगरा तेवढा जानेवारीत छाटा. आधी थोडे दिवस पाणी तोडा, छाटल्यावर शेणखत घाला. मार्चपासून ओंजळी भरतील.

जुन्या बागेची दुखणीही असतात, ती लपवत नाही. झाडं मोठी झाली की सावली पसरते, मग त्याखाली मिरची नुसती उंच होते, धरत नाही. तिथं आंबेहळद लावा. एकाच वाफ्यात वर्षानुवर्षं वांगी-टोमॅटो घेतले असतील तर रोप उपटून मुळं बघा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत, आहेत; तिथं पुढच्या खेपेला झेंडू लावा आणि वांगी दुसरीकडं हलवा.

आणि गणपती बसतात त्या संध्याकाळी काय होतं तेही बघा. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. मंडईतल्या भाजीची खात्री कोण देणार? आमच्या आळीतल्या बायका पिशव्या घेऊन मागच्या दाराशी येतात. अळू, माठ, पडवळ, चार भेंड्या, भोपळ्याची फोड असं प्रत्येकीला थोडं थोडं जातं. एरवी वर्षभर माझ्याशी न बोलणारी एक वहिनीही येते. मी तिला पडवळ जरा लांबडं देते. तुमच्या सासूबाईंकडं कोण यायचं, ते त्या दिवशी आपोआप कळेल.

एवढं करूनही पुढच्या पाडव्याला गाडीच लावायची ठरली, तर खुशाल लावा. मी रागावणार नाही. फक्त फरशीवाला येण्याआधी, उन्हाळ्यात, मोकळ्या जागांवर नजर ठेवा. कुठं पानांवाचून फूल उगवलेलं दिसलं तर त्याचा एक कंद मला पाठवा. टपालखर्च माझा.