गोदाला नाक का मुरडलं?

प्रिय मीरा,

शनिवारी मामाचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, "माझ्या वर्गात इडा आहे, फ्रीडा आहे, दोन एमा आहेत. सगळी पणजीच्या काळातली जर्मन नावं, आणि सगळ्यांना ती गोड वाटतात. मग मामाने बाळाचं नाव गोदा ठेवायचं म्हटल्यावर सगळे असे गप्प का झाले?" मी तेव्हा कुकरचं निमित्त काढून उठले, कारण उत्तर लांबलचक आहे आणि जेवताना सांगितलं असतं तर तिसऱ्या वाक्याला तुझा हात मोबाइलकडे गेला असता. म्हणून लिहून देतेय. सावकाश वाच, अडेल तिथे विचार.

मुळात ते गप्प झाले ते फक्त कॉलवर. नंतर घरच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते रात्री बारापर्यंत चाललं होतं. मामीच्या आईचं म्हणणं, शाळेत पोरं तिला 'गोदी' म्हणून हाक मारतील. तुझ्या दादाने 'गोदाम' लिहून पुढे पाच हसरे चेहरे टाकले. मावशीआजीने "इतकी छान नवीन नावं असताना?" असं विचारून वीसेक नावांची यादीच पाठवली: शनाया, कियारा, अन्वी आणि अशीच बरीच. त्यातली निम्मी तिला स्वतःला धड म्हणता येत नाहीत. कुणीतरी विचारलं, मीरा राहते तिकडे त्या नावाचं चीज मिळतं ना? (मिळतं, पण त्याला गाउडा म्हणतात आणि ते मूळचं हॉलंडचं. हे मी लिहिलं नाही, उगाच वाद वाढला असता.) थोडक्यात, बाळाला नाव ठेवायच्या आधीच नावाला नावं ठेवून झाली.

सगळ्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येत होता: जुनाट. तर तो आधी तपासू. तुझंच नाव घे. संत मीराबाई सोळाव्या शतकातल्या. तुझ्या बारशाला कुणी म्हटलं का, काय हे जुनाट नाव? उलट "किती गोड, आणि परदेशातही चालेल" असंच सगळे म्हणाले. सई हे नाव घे. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई, म्हणजे साडेतीनशे वर्षांहून जास्त झाली, आणि आज पुण्यात बालवाडीच्या दारात उभं राहून "सई" अशी हाक मारलीस तर एकीपेक्षा जास्त मुली मागे वळून बघतील. रमा, तारा, जाई, मुक्ता, सगळ्या जुन्याच. दोन अक्षरी जुन्या नावांना सध्या तर भलताच भाव आहे. म्हणजे जुनेपणाची कुणाला अडचण नाही. गोदाचं बिनसलंय ते दुसऱ्याच कशानेतरी.

मला विचारशील तर अडचण अशी आहे, की रमा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुस्तक हातात घेतलेली बाई येते, आणि गोदा म्हटलं की पोळपाट-लाटणं घेतलेली. गंगू, सखू, भागी, ठकू, यमी, गोदी ही नावं आपल्या नाटक-सिनेमांनी वर्षानुवर्षं मोलकरणींना, स्वयंपाकीणबाईंना आणि भांडकुदळ शेजारणींना वाटून टाकली. प्रेक्षक हसले, आणि नावं तिथेच चिकटून राहिली. त्यामुळे 'जुनाट' म्हणताना पुष्कळांना म्हणायचं असतं, 'हे आपल्यासारख्या घरातलं वाटत नाही.' तसं तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून सगळं काळावर ढकलायचं. हे मला अजिबात आवडत नाही. घरोघरी पोळ्या लाटणाऱ्या बाईचं नाव आपल्या मुलीला का चालू नये, याचं उत्तर ग्रुपवर कुणी दिलं नाही. अर्थात मीही विचारलं नाही. रात्रीचे बारा वाजले होते.

पण आजीचं वेगळं आहे. तिला त्या यादीत बसवू नकोस.

आजीने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला एकटीला फोन करून म्हणाली, "माझ्या आजोळी एक गोदाआत्या होती गं. ते नाव बाळाला नको." ही गोदाआत्या आजीच्या आईची आत्या. नवव्या वर्षी लग्न झालं, दहाव्या वर्षी नवरा गेला. आजीने तिला पाहिलं तेव्हा ती साठीच्या घरातली होती: विधवेने नेसायचं लाल लुगडं, म्हणजे आलवण, पदराखाली केस काढलेलं डोकं, आणि बसायची जागा ठरलेली, स्वयंपाकघरातल्या कोनाड्याखाली, जात्याशेजारी. लग्नकार्यात ती पहाटेपासून राबायची आणि ऐन मुहूर्ताला मागच्या खोलीत जाऊन बसायची. तिला तसं कुणी सांगावं लागत नसे. आजीला ती लाह्या आणि गूळ द्यायची, एवढीच आजीकडे तिची गोड आठवण. आता कळलं, आजीच्या घशात ते नाव का अडकतं? ती बाळाच्या पाळण्यावर वाकून 'गोदा' म्हणणार, आणि तिला दिसणार ते आलवण.

आजीशी मी वाद घातला नाही, पण दुसऱ्या एका गोदूची गोष्ट सांगितली. तुलाही सांगते. गोदूबाई जोशी ही कोकणातली, आणि हीदेखील लहानपणीच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ साली पुण्यात तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यावरून कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. याच कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं. एकाच नावाच्या दोन मुली, दोघींचं कपाळ सारखंच फुटलेलं. एक जात्याशेजारी राहिली, दुसरी शाळेत गेली. आजी म्हणाली, "हो, पण कर्व्यांच्या बायकोचं नाव आनंदीबाई होतं." बरोबर आहे तिचं. लग्नात नाव बदललं.

इथे जरा थांबते, कारण ही रीत तुला माहीत नाही. पूर्वी लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचा. काही घरांत अजूनही लिहितात. आडनाव तर बदलायचंच, पण माहेरचं नावही त्या ताटात संपायचं. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. पुण्यात मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात छापून आल्या त्या आनंदी आणि रमा. यमू आणि गोदू परकर-पोलक्यात माहेरच्या अंगणातच राहिल्या. आज रमा हे नाव भारदस्त वाटतं आणि यमू हे घरगुती, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. पराक्रम त्याच मुलींचा, पण तो जमा झाला सासरच्या नावावर.

एका गोदावरीने मात्र आपलं नाव सोडलं नाही. गोदावरी परुळेकर, पुण्याच्या गोखल्यांच्या. वकिलीचं शिक्षण घेतलेली ही मुलगी ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये जाऊन राहिली. वेठबिगारीत पिचलेले ते आदिवासी १९४५ साली जमीनदारांविरुद्ध उभे राहिले, त्या लढ्याच्या पुढाऱ्यांत ती होती. वारली तिला गोदाराणी म्हणायचे, इतर सगळे गोदूताई. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांच्या घरांची मोठी वसाहत आहे, दहा हजारांच्या आसपास घरं, तिलाही गोदूताईंचंच नाव आहे. ते नाव सांगताना तिथे कुणी नाक मुरडत असेल असं मला वाटत नाही. मामीलाही त्यात काही वाटत नाही, कारण ती नाशिकची. तिच्या कानावर गोदाघाट, गोदेला पूर आला, गोदेची आरती, हे रोजचंच. पुण्यात जी आत्याबाई, ती नाशकात नदी. गंमत म्हणजे मनुस्मृतीत म्हटलंय, नदीचं नाव असलेली मुलगी बायको करू नये. आपल्या लोकांनी ते काही मनावर घेतलं नाही. गंगा, यमुना, कृष्णा, भीमा, नर्मदा, तापी, घरोघरी नुसत्या नद्या.

पण जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणणार नाही हं. पाठोपाठ मुली झाल्या की शेवटचीचं नाव 'नकोशी' ठेवायचे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवीन नावं दिली. ती नावं गेली ते फार बरं झालं, त्यांच्यासाठी मी एक ओळही लिहिणार नाही.

आता तुझ्या इडा-फ्रीडाकडे येऊ. तुझ्या वर्गात हेल्गा आहे का? उर्सुला? गीझेला? नाहीत ना? ही नावंही जुनीच, पण त्या नावांच्या बायका अजून बसमध्ये तुझ्याशेजारी बसतात, त्यामुळे ती कुणाला गोड वाटत नाहीत. फ्रीडा मधल्या काळात पुरेशी विसरली गेली, म्हणून परत आली. आपल्याकडे मंदाकिनी, सुनंदा, शैला, कुंदा यांची तीच गत आहे, त्या सगळ्या माझ्या मावश्या-काकवा. गोदा अधेमध्ये लटकलीय. तुझ्या पिढीला ती कोरी आहे, माझ्या पिढीला नाटकातली, आणि आजीला थेट ओळखीची. शनिवारी एका स्क्रीनवर तुम्ही तिन्ही पिढ्या होतात, आणि प्रत्येकीला वेगळीच गोदा ऐकू आली.

मी कुठल्या बाजूची, हे तू विचारणारच. मी गोदाच्या बाजूची. उच्चार सोपा, अर्ज भरताना सुटसुटीत, आणि मामा-मामीने ते कुठल्या यादीतून उचललेलं नाही. मुलं चिडवतील हे खरं. पण चिडवायला त्यांना कुठलंही नाव पुरतं, तुला पहिलीत काय म्हणायचे ते आठव. आजीची समजूत घालायचं काम मात्र मामाचं आहे, माझं नव्हे, आणि तिला वेळ लागला तर लागू दे. तोवर तिने बाळाला 'ठमे' म्हटलं तरी चालेल, तसंही ती आत्तापासून तेच म्हणतेय.

आणि हो, नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. या बाळाची आत्या मीच. मी तिकडे नाही, त्यामुळे "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करून झालं की मामी फोन बाळाच्या कानापाशी धरणार आणि मी नाव सांगणार. नाव सांगितलं की बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. ते काम इथे तुझ्याकडे. बेताने घाल. बारसं पुढच्या रविवारी तिकडच्या संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड, तेव्हा त्या दिवशी मैत्रिणीकडे जायचं ठरवू नकोस. घुगऱ्यांसाठी हरभरे शनिवारी रात्रीच भिजत घालायचेत, आठवण कर.

मामीने तुझंही मत विचारलंय. तिला मराठीतच लिही, शुद्धलेखन चुकलं तरी ती काही म्हणणार नाही. फक्त 'गोदाम' नको, तो विनोद दादाने आधीच करून ठेवलाय.

तुझी,
आई