भिलारजवळचं बंद घर विकायचंय, पावसाळ्यात ते कसं ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातल्या भिलारच्या अलीकडे बांधलेलं कौलारू घर काही वर्षं बंद आहे. तुम्ही मिनेसोटात राहता. तिकडे बर्फाच्या दिवसांत घर विकायला काढलं की काय काय करावं लागतं ते तुम्हाला तोंडपाठ आहे, पण इथल्या पावसाचं काय करायचं ते कळत नाही. एजंट म्हणतो, "पावसाळा जाऊ दे, दिवाळीनंतर रंग मारू आणि दाखवू. तोवर कुलूप राहू दे." हे बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. रंग खुशाल दिवाळीनंतर मारा, पण पावसाळाभर कुलूप नको. आणि जमलं तर गिऱ्हाईक पावसातच आणा. मी साताऱ्यात राहतो. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मेढा या पट्ट्यातली बाहेरगावच्या लोकांची घरं सांभाळणं, डागडुजी करून देणं हेच माझं काम. त्यामुळे विकायला काढलेली घरंही बरीच बघण्यात येतात.

आधी पावसाचा अंदाज घ्या, कारण लहानपणी सुट्टीत येऊन गेलेल्या माणसाला तो नसतो. मे महिन्यातलं भिलार आणि जुलैतलं भिलार यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. 2021 च्या जुलैत तर एका दिवसात सहाशेच्या आसपास पडला होता. घाट उतरून वाईला आलात की वर्षाचा आकडा हजाराच्या आत येतो, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्याला पाण्याचे टँकर लागतात. भिलार मधे आहे, पण कल महाबळेश्वराकडे. आणि नुसता पाऊस असता तर परवडलं असतं. त्रास देतं ते धुकं. आषाढात ते उंबरा ओलांडून आत येतं आणि श्रावण सरेपर्यंत मुक्कामाला असतं.

तुमच्याकडे घरातल्या उबेनं छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी वळचणीशी येऊन पुन्हा गोठतं आणि मागून येणारं पाणी अडून छपराच्या आत शिरतं. इथं गोठत काही नाही, पण पन्हळीत सिल्व्हर ओकचा पाला साचला की पाणी नेमकं तसंच वागतं. पुढे जाता येत नाही म्हटल्यावर मागे वळतं आणि कौलाखालून वाशावर येतं. घर गळतंय म्हणून अख्खं छप्पर बदलायला निघालेली माणसं मी बघितली आहेत. प्रत्यक्षात हातभर पन्हळ तुंबलेली होती. म्हणून पहिला खर्च पन्हळी साफ करण्याचा. तोही एकदा करून भागत नाही. पावसाच्या आधी एकदा, आणि तरणा पाऊस, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंतचा, ओसरला की पुन्हा एकदा. सिल्व्हर ओक पावसाळ्यातही पानं गाळतच राहतो.

कौलं रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, शाकारून घ्या. मृग लागला की वर चढायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी ओल्या कौलांवर चढवू नये. शाकारणी म्हणजे फक्त फुटकी कौलं बदलणं नाही. आढ्याची कौलं सिमेंटमध्ये बसवलेली असतात, त्या सिमेंटला उन्हाळ्यात चिरा जातात, तिथून थेंब थेंब पाणी मधल्या भिंतीवर उतरतं आणि आपण दोष भिंतीला देतो. दुसरा विषय माकडांचा. बंद घराच्या छपरावर त्यांची शाळाच भरते. उड्या मारून कौलं सरकतात, आणि सरकलेलं कौल खालून दिसत नाही. ओळखायची साधी युक्ती आहे. भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून आत अंधार करा आणि वर बघा. जिथं उजेडाची चीर दिसेल तिथं खडूनं वाशावर खूण करा. जुनी मंगळुरी कौलं चांगली असतील तर नवीन आणू नका, मापात फरक पडतो आणि सांधे बसत नाहीत. पाडकामाच्या मालात जुनी मिळतात. शेवाळ खरवडायला प्रेशरची फवारणी वापरू नका, ताठ ब्रश पुरे.

पागोळ्यांकडे कुणी बघत नाही. पन्हळ नसलेल्या बाजूला छपराचं पाणी सरळ जमिनीवर पडतं, तिथून लाल चिखल उडतो आणि जोत्यापासून कमरेपर्यंत भिंत रंगते. गिऱ्हाइकाला वाटतं, भिंत खालून ओल खेचतेय. पागोळी पडते त्या पट्ट्यात वीतभर खोल चर खणून खडी भरा, बाहेरच्या बाजूला उतार द्या. हजारो रुपयांच्या वॉटरप्रूफिंगपेक्षा त्या खडीनं जास्त काम होतं.

आता भिंती. इथं मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण एजंटचा रंगाचा बेत इथंच फसतो. पश्चिमेची भिंत झडीनं भिजते. महाबळेश्वरात पूर्वी बंगल्यांना पावसाळ्यापुरत्या गवताच्या ताट्या बांधून अख्खी भिंत झाकत. आता तिथं प्लास्टिकचा कागद आणि बांबू आले. दिसायला वाईट, पण कामाचे. तुमचं घर जांभ्यात किंवा दगडात बांधलेलं असेल आणि आत चुन्याचा गिलावा असेल, तर ती भिंत ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडून देते. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते. मग चार-सहा महिन्यांत रंगाला फोड येतात आणि खालून पांढरा खार फुटतो. ते फोड फोडून, पुट्टी भरून, पुन्हा रंग मारून घर दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला पुढच्या पावसाळ्याची उधारी देणं. आजकालची गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईहून येताना सोबत माहीतगार माणूस आणतात. तो बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करतो आणि पोकळ आवाज आला की किंमत तिथंच खाली येते.

रंगाआधी एक परीक्षा कुणाकडूनही करून घेता येते. हातभर चौरस पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले, तर पाणी भिंतीत आहे. खोलीच्या बाजूला आले, तर भिंत बरी आहे, हवाच दमट आहे. पहिलं दिसलं तर रंगाला हात लावू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. दुसरं दिसलं तर हवा खेळती करा, भिंतीवर पैसे घालू नका. जुन्या चुन्याच्या भिंतीला परत चुनाच लावा. ताजा चुना लावलेली खोली फोटोतही छान दिसते.

तुम्ही तिकडे रिकाम्या घरातही हीटिंग चालू ठेवता, नळ गोठून फुटू नयेत म्हणून. इथं ते काम माणसानं करायचं असतं. घरात चूल होती तेव्हा धुरानं वाशे-रीपा काळ्या व्हायच्या, पण कोरड्या राहायच्या आणि कीड लागायची नाही. बंद घराचं छप्पर चालत्या घराच्या छपराआधी का जातं, त्याचं निम्मं उत्तर तिथं आहे. म्हणून गावातला एक भरवशाचा माणूस ठरवा, आठवड्यातून दोनदा येणारा. त्याला महिन्याचे नीट पैसे द्या. "शेजारचे काका बघतात अधूनमधून" यावर घर विकायला काढू नका. काका प्रेमानं बघतात, पण कौलावर चढत नाहीत.

त्या माणसानं काय करायचं? उघाड असेल त्या दिवशी समोरासमोरच्या खिडक्या दोन-तीन तास उघडायच्या. धुकं असेल तेव्हा उघडायच्या नाहीत, पंखे लावायचे. गाद्या, उशा, जुने कपडे, पुस्तकं घरातून काढूनच टाका. ओलीचा वास सगळ्यात जास्त तेच धरतात. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि दारं किलकिली ठेवा. बंद खोल्यांत घमेल्यात चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, ठेवली तर ती ओल शोषते. मात्र घमेलं मोठं हवं, चुनकळी फुगते आणि तापते, तिला पाणी लागू द्यायचं नाही आणि हात लावायचा नाही. डांबराच्या गोळ्या नकोत. दार उघडल्या उघडल्या तो वास आला की माणसाला वाटतं, काहीतरी लपवलंय. बाथरूमच्या आणि मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतत राहायचं, नाहीतर जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा ट्रॅप कोरडा पडून गटाराचा वास घरात येतो. विजेचं मेन बंद करून जाण्यापेक्षा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याचं टेस्टचं बटण दर खेपेला दाबून बघायला सांगा. ओल्या भिंतीतली जुनी वायर हा गमतीचा विषय नाही. आणि प्रत्येक खेपेला त्याच त्याच कोपऱ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर, तारखेसह. पुढे हेच फोटो घर विकतात, ते कसं ते सांगतो.

दिवाळीनंतर घर दाखवलं की प्रत्येकजण एकच विचारतो, "पावसात गळतं का?" तुम्ही नाही म्हणणार, तो मान डोलावणार आणि मनातल्या मनात दोन-तीन लाख कमी करणार. सांगलीत 2019 च्या पुरानंतर घर बघायला आलेला माणूस आधी भिंतीवर पाण्याची रेघ शोधतो, तशी इकडे छताच्या कोपऱ्यावर नजर जाते. त्यापेक्षा जुलैच्या शेवटी, म्हाताऱ्या पावसात, घर दाखवा. बाहेर धो धो चालू आहे आणि आतली जमीन कोरडी आहे, याच्यापुढे एजंटला बोलायला फारसं काही उरत नाही. ज्याला तेव्हा यायला जमत नाही, त्याला आठवड्यामागून आठवड्याचे ते फोटो दाखवा. आणि अशा पावसात आलेलं गिऱ्हाईक बहुधा खरंच घ्यायला आलेलं असतं, कासचं पठार बघून परत जाताना डोकावलेलं नसतं.

त्या दिवशी पायऱ्या आणि फरशी निसरडी नको. तिकडे वाटेवर मीठ टाकता, इथं आदल्या दिवशी ब्लिचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं. दारात दोन कोरडी पोती, छत्र्या ठेवायला बादली, आणि आत ट्यूब नको, पिवळा दिवा लावा. धुक्यात पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं दिसतं.

उताराबद्दल विचारणारच. 2021 ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या, तेव्हापासून घराच्या मागच्या बाजूला जाऊन बघितल्याशिवाय कुणी बयाणा देत नाही. मागे संरक्षक भिंत असेल तर तिच्या पाझराच्या भोकांतून पाणी वाहतंय का ते पावसात दाखवा. भोकं बुजली असतील तर आधीच मोकळी करून घ्या. पाणी भिंतीमागं साठतं तेव्हाच भिंत पोट काढते.

कागदांचं थोडक्यात. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावात स्वामित्व योजनेची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून घ्या. गावठाणाबाहेर असेल तर सातबारावर वारसनोंद झाली आहे का आणि जमीन बिनशेती आहे का, हे आज बघा. शेतजमीन राहिली असेल तर घेणारा शेतकरीच लागतो आणि तुमची निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळतात. पाचगणी-महाबळेश्वरचा भाग 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला भाग, आहे. त्यामुळे मागच्या बाजूला वाढवलेली खोली परवानगीत आहे का, हा प्रश्न हमखास येतो. विकण्यासाठी म्हणून आता नवीन काही बांधू नका, आणि घरावर आलेलं झाडही परस्पर तोडू नका. तुम्ही येणार नसाल तर कुलमुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं मुद्रांकित करावं लागतं. अनिवासी विक्रेत्याच्या पैशातून टीडीएसही, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, नेहमीच्या 1 टक्क्यापेक्षा बराच जास्त कापला जातो. कमी कपातीचं प्रमाणपत्र व्यवहाराआधी काढायचं असतं, सीएशी आत्ताच बोला.

खर्चाला मर्यादा असेल तर क्रम असा धरा: पन्हळी, कौलं, पागोळीची खडी, माणूस. स्वयंपाकघराच्या नव्या फरशीला आणि गेटाच्या रंगाला शेवटी बघू. भिलारला घर घेणारा तसंही स्वयंपाकघर आपल्या पसंतीनं तोडूनच घेतो. एजंटला आजच कळवा की जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं हवीत. तो कुरकुर करेल, पसरणी घाटात धुकं असतं, गाडी न्यायला नको वाटते. मग किल्ली सांभाळणाऱ्या माणसाकडे द्या आणि गिऱ्हाइकाला सकाळी दहाला बोलवा, दुपारनंतर धुकं दाट होतं.