तंबू दिवाणखान्यात, मन तळ्याकाठी

पत्र लांबलचक आहे. त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देते.

"ताई, आम्ही मूळचे सांगलीचे, चार वर्षांपासून कॅनडात, टोरांटोजवळ मिसिसागात राहतो. गेल्या जुलैत पहिल्यांदाच तंबू घेऊन अल्गॉन्क्विन पार्क या जंगलातल्या उद्यानात, लेक ऑफ टू रिव्हर्स या तळ्याच्या काठावर तीन रात्री राहिलो. तेव्हापासून माझं मन तिथून हललेलंच नाही. थंडी सुरू झाल्यापासून रोज रात्री ते फोटो बघते, सामानाच्या याद्या करते. गेल्या आठवड्यात बाहेर उणे वीस होतं, तेव्हा दिवाणखान्यात तंबू उभारला आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्यातच झोपले. नवरा भडकला. म्हणाला, 'तू या घरात राहतच नाहीस.' त्याचं कंत्राट मार्चअखेर संपतंय, पुढचं काही ठरलेलं नाही. मी विषय काढला की 'जुलैचं जुलैला बघू' म्हणतो. एकदाच म्हणाला, गेलोच तर मे महिन्यात जाऊ, तेव्हा गर्दी नसते. मी मात्र शनिवार-रविवारी अंथरुणातून उठत नाही. मला वेड लागलंय का? – उन्हाळ्याची वाट बघणारी"

अगं, वेडबीड काही लागलेलं नाही तुला. टोरांटोच्या बाजूला डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, संध्याकाळी पावणेपाचला दिवे लावावे लागतात. जूनअखेरीस तोच दिवस सव्वापंधरा तासांच्या पुढे जातो. सांगलीत वाढलेल्या माणसाच्या शरीराला एवढी उलथापालथ ठाऊकच नसते. जानेवारीत तुला जुलै आठवतो, यात नवल कसलं? आठवला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती.

वाट बघण्यातही सुख असतं, आणि ते खरंखुरं सुख असतं. 2010 साली नेदरलँड्समधल्या दीड हजार प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सुट्टीला जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी असतात का, असा संशोधकांचा प्रश्न होता. जाण्याआधी ती जास्त आनंदी होती. परत आल्यावर मात्र बहुतेकांच्या बाबतीत फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे तीन रात्रींच्या त्या सहलीतला मोठा वाटा आधीच्या महिन्यांतच पदरात पडतो. तो तू घेते आहेस, खुशाल घे.

पण तुझी आई-आजी पावसाची वाट कशी बघायच्या, ते आठव. एप्रिल-मेच्या उन्हात पापड-कुरडया वाळायच्या, लोणच्याच्या बरण्या भरायच्या, कौलं शाकारून व्हायची, सरपण आत यायचं. सगळ्या घराचे हात त्यात असायचे. तू वाट बघतेस ती रात्री, एकटीने, फोनच्या उजेडात. फोटो तुझ्या फोनमध्ये आणि याद्याही तुझ्याच. नवऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय येतं? दमून घरी आल्यावर दिवाणखान्यात अडवलेली वाट. त्याचं वाक्य लागट आहे, मान्य. पण त्या वाक्यात तुझी उणीव भासते आहे, तळ्याचा राग मला त्यात दिसत नाही.

आणि त्याचं दुसरं वाक्य तू पत्रात एका ओळीत उडवून लावलंस, मी मात्र तिथेच थांबले. 'मे महिन्यात जाऊ, गर्दी नसते.' ज्याला जायचंच नाही तो माणूस महिना सुचवत नाही. त्याने मनात हिशेब केलेला आहे. मार्चनंतर काय, हे ज्याला दिसत नाही त्याला जुलैची स्वप्नं सांगणं म्हणजे त्याच्या काळजीवर बोट ठेवणं. तुला जुलै म्हणजे सुटका वाटते, त्याला जुलै म्हणजे रिकामा पगार दिसत असेल. तेव्हा आधी जुलै बाजूला ठेव आणि मार्चबद्दल विचार. कंत्राट वाढलं नाही तर किती महिने निघतील, तुझ्या पगारात भाडं भागेल का, हे एकदा दोघांनी कागदावर मांडा. असं बसून मोकळेपणाने बोललात, असं तुझ्या पत्रात कुठेच नाही.

मे महिना मात्र नको, हे त्याला माझ्या वतीने सांग. अल्गॉन्क्विनच्या मोठ्या तळ्यांवरचा बर्फ एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जातो, त्यामुळे पाण्यात पाय बुडवला तरी कळ मस्तकात जाते. आणि मेच्या मध्यापासून जूनभर तिथे ब्लॅक फ्लाय म्हणजे बारीक काळ्या माश्यांचं राज्य असतं. त्या कानामागे, केसांच्या कडेला, मोज्याच्या वर चावतात. रक्त येतं आणि मग गाठ येते. त्यांच्या जोडीला डास येतात, ते जुलैच्या मध्यापर्यंत हटत नाहीत. नऊ वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी अशा माश्या चावल्या तर तो पुन्हा तंबूचं नाव काढणार नाही. जुलैचा शेवटचा आठवडा किंवा ऑगस्ट घ्या. तेव्हा पाणी पोहण्याजोगं असतं, माश्या सरलेल्या असतात.

आता कामाचं. ऑन्टारियोच्या प्रांतिक उद्यानांतल्या जागा पाच महिने आधी, सकाळी सातला खुल्या होतात. 25 जुलैला पोचायचं असेल तर 25 फेब्रुवारीला सकाळी सातला बसावं लागेल. तळ्याकाठच्या जागा बघता बघता जातात, म्हणून नकाशावर चार-पाच क्रमांक आधीच हेरून ठेवा. लेक ऑफ टू रिव्हर्सला नाही मिळाली तर जवळच पॉग लेक आहे. तिथेही तितकंच छान आहे, शिवाय वर्दळ जरा कमी. विजेशिवायची जागा रात्रीला साधारण पन्नास डॉलरच्या आसपास पडते. रद्द केली तर काही रक्कम कापून बाकीची परत मिळते, आणि जितके दिवस जागा अडवून ठेवाल तितकी जास्त कापली जाते. म्हणून नवऱ्याशी आधीच ठरव, एप्रिलच्या शेवटी नोकरीचं चित्र बघून ठेवायची की सोडायची. एवढं त्याच्या हातात राहिलं की त्याला जुलैची भीती वाटणार नाही. सोडावी लागली तर वाईट वाटेल, पण ते वाईट वाटणं दोघांचं असेल.

तंबू पुन्हा लावायचाच असेल तर शनिवारी दुपारी लाव, नवऱ्याला विचारून, आणि काम म्हणून लाव. शिवणींना सीलर, म्हणजे पाणी रोखणारा लेप, लावायचा, चेनी तपासायच्या, बुरशीचा वास येतो का बघायचं. हवेची गादी फुगवून रात्रभर तशीच ठेवा, सकाळी पोट आत गेलं असेल तर भोक शोधायला अजून पाच-सहा महिने आहेत. स्लीपिंग बॅगा पिशवीत कोंबून ठेवल्या असतील तर बाहेर काढून कपाटात टांगा, दबून राहिल्या की त्यांची ऊब जाते. जुलैतही तिथली रात्र आठ-दहा अंशांपर्यंत उतरते, गेल्या वर्षी कळलंच असेल. थालीपीठाची भाजणी जायच्या थोडं आधी भाजा. मेतकूट बरोबर असलं की चुलीवरच्या मऊ भाताला दुसरं काही लागत नाही. फक्त तो डबा, आणि टूथपेस्टसुद्धा, रात्री गाडीत कुलूपबंद, तंबूत नाही. काळी अस्वलं वासावर येतात. जळाऊ लाकूडही घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. लाकडातून झाडं पोखरणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात.

आणि एकदा भर हिवाळ्यातच त्या तळ्यावर जाऊन या. हे मी आग्रहाने सांगते. पार्कातला 60 क्रमांकाचा महामार्ग वर्षभर चालू असतो, तिथली म्यू लेकची तंबू लावायची जागाही हिवाळ्यात खुली असते. टोरांटोहून तीनेक तासांचा रस्ता आहे. निरभ्र आकाशाचा दिवस बघून पहाटे निघा. तुझं तळं पांढरं सपाट पडलेलं दिसेल, त्यावर कोल्ह्याची नाहीतर सशाची पावलं असतील. पोराला सांग, पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि तळाशी चार अंशांचं पाणी तसंच राहतं, त्यात ट्राउट मासे हिवाळाभर जिवंत असतात. रस्त्यावर फेकलेलं मीठ दाखव. बर्फ वितळला की ते कडेच्या चरांत उतरतं, आणि हिवाळाभर मिठाला आसुसलेले मूस, म्हणजे तिथली प्रचंड हरणं, मे-जूनमध्ये ते खारं पाणी प्यायला रस्त्याच्या कडेला येतात. एवढं पाहिल्यावर जुलैचं तळं आणि आत्ताचं तळं तुझ्या मनात एकत्र येईल. हिवाळा म्हणजे दोन सहलींमधली नुसती पोकळी, असं मग वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. शनिवार-रविवारी उठवत नाही, हे तू जाता जाता लिहिलंस. त्याचा जुलैशी संबंध जोडू नकोस. कमी उजेडाच्या महिन्यांत काहींना खरोखरीचं नैराश्य येतं. झोप वाढते, गोड-भात खावासा वाटतो, माणसं नकोशी होतात. 1984 साली डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, आणि त्यावर उपायही आहेत. सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसणं हा त्यातला एक. पण दिवा स्वतःच्या मनाने आणू नकोस. डोळ्यांचा काही त्रास असेल किंवा काही औषधं चालू असतील तर तो चालेलच असं नाही. या आठवड्यात फॅमिली डॉक्टरची वेळ घे आणि किती दिवस असं होतंय ते सांग. जगणंच नको असं मनात आलं तर क्षणभरही थांबू नकोस, कॅनडात 988 वर दिवसरात्र कुणीतरी फोन उचलतं. शक्य असेल तर डॉक्टरकडे नवऱ्याला बरोबर घेऊन जा. तू कुठे हरवतेस, हे त्यालाही तिथे ऐकायला मिळेल.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी दोघांनी दोन फोनवर, पावणेसातलाच खाती उघडून बसा. जागेचे क्रमांक पोराकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या.