प्रयोगशील विज्ञान तत्त्वज्ञानाला सोडचिठ्ठी देऊन सुरू झालं का?

नाही. सोडलं ते एक तत्त्वज्ञान, आणि त्याची जागा घेतली दुसऱ्याने.

अॅरिस्टॉटल डोळे मिटून विचार करायचा, हा गैरसमज आहे. कोंबडीची अंडी उघडून तिसऱ्या दिवशी हृदय रक्ताच्या ठिपक्यासारखं दिसतं, हे त्याने नोंदवलंय. पण त्याच्या लेखी स्वाभाविक गती वेगळी आणि जबरदस्तीने दिलेली गती वेगळी. मग मुद्दाम जुळवून आणलेल्या परिस्थितीतून निसर्गाचा स्वभाव कसा कळावा? शिवाय माध्यमाचा अडथळा हा गतीचाच भाग. तो वजा करून उरतं ते 'खरं', ही कल्पनाच तिथे बसत नाही.

गॅलिलिओने नेमकी ती बसवली. 1638 च्या ग्रंथात तो सांगतो: सुमारे 12 हात लांब तिरकी तुळई, तिला खाच, खाचेत गुळगुळीत चर्मपत्र, वरून ब्राँझची गोळी. वेळ मोजायला बारीक नळीतून पडणारं पाणी तोलायचं. पाव अंतराला निम्मा वेळ. हा प्रयोग काल्पनिक असावा, असं कोयरेसारख्या इतिहासकाराला वाटे. 1961 मध्ये विज्ञानाचा इतिहासकार सेटल याने तो करून दाखवला.

तुम्हीही करू शकता. खाच असलेल्या 2 मीटर फळीचं एक टोक 10 सेंमी उचला. भरीव गोळी खाचेच्या तळावर टेकू द्या, कडांवर नको. पूर्ण अंतराला साधारण 3.4 सेकंद, 50 सेंमीला 1.7. यावरून गुरुत्व-त्वरण काढायला जाल तर 9.8 ऐवजी 7 येईल, कारण काही ऊर्जा गोळी गरगरण्यात जाते. गॅलिलिओला हे ठाऊक नव्हतं, पण तो फक्त वेळांचं गुणोत्तर पाहत होता, म्हणून वाचला.

आता वेळ मोजणारी पाण्याची नळी बंद करायला दरवेळी 0.1 सेकंद उशीर झाला, तर गुणोत्तर 2 ऐवजी 1.94 येतं. चुकलं कोण, नियम की नळी? प्रयोग स्वतः हे सांगत नाही; फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ दुएमने 1906 मध्ये मांडलेला मुद्दा हाच. नळी तपासायची तर त्याच पाण्याने लंबकाचा एक झोका आणि दहा झोके मोजा. दहा झोक्यांच्या पाण्याचं वजन दहापटीहून कमी भरलं, तर दोष नळीचा. अर्थात प्रत्येक झोक्याला सारखाच वेळ लागतो, हे तिथेही आपण आधीच धरून चाललेलो असतो.