पोकर चिप्स जमवायला लागताय? आधी एवढं बघा

पोकर चिप्स म्हणजे पोकर या पत्त्यांच्या जुगारात पैशांऐवजी लावायच्या चकत्या. रत्नागिरीत बसून हा नाद? जरूर करा. पण पहिल्या महिन्यात खरेदी नको.

डावावर काय लावत त्याचा क्रम डोक्यात ठेवा: सुरुवातीला सोन्याचे कण, नाणी, मग हाड, हस्तिदंत, लाकूड, 1880च्या सुमारास माती आणि लाखेच्या चिप्स. हस्तिदंताच्या वाटेला जाऊ नका, आपल्याकडे त्याचा व्यापार बेकायदा आहे.

नवखे फसतात ते वजनाला. ‘11.5 ग्रॅम क्ले’ म्हणून विकतात ती बहुधा प्लॅस्टिकची चिप, आत लोखंडी चकती. लोहचुंबक लावा, चिकटला तर ती चिप घेऊ नका. कसिनोची मातीची चिप साधारण 39 मिमी, वजन 8.5 ते 10 ग्रॅम. जड म्हणजे भारी नव्हे!

दुसरी चूक, स्पिरिटने पुसणं. सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो. तुमच्या लाखेच्या चिपचंही तेच होईल, कडांची नक्षी पुसट होईल. कोरडा मऊ ब्रश पुरे.

आणि आपला पाऊस. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, चिपच्या मधोमध असलेल्या कागदी चकतीला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बदलायच्या. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, चिकट होतात.

चिपवर उमटलेल्या साच्यांच्या खुणा नंतर बघू.