वाचक विचारतात: काटेसावर, शिंजीर आणि जिन्याची खिडकी

या वेळच्या टपालात बहुतेकांचा सूर एकच आहे. वसंत आला म्हणतात, तो मुंबईत बघायचा कुठे आणि दिसलाच तर फोटोत कसा आणायचा? त्यातली काही पत्रं निवडली आहेत. लांबलेली पत्रं थोडी छाटली आहेत, राग नसावा.

"भाद्रपदात कासच्या पठारावर जाऊन आलो. आता वसंतातली रानफुलं पाहायची आहेत, पण गुडघे बोलतात, लांबचा प्रवास नको. मुंबईतच, शक्यतो घराजवळ काही दिसेल का? फोटोचाही नाद आहे." (निवृत्त वाचक, मुलुंड पूर्व)

काका, दिसेल, भरपूर दिसेल. फक्त खाली शोधू नका. आपल्याकडची जमिनीवरची रानफुलं पावसावर येतात आणि दसरा-दिवाळीपर्यंत आटोपतात. फाल्गुन-चैत्रात गवत करपलेलं असतं आणि फुलतात ती झाडं. त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही, मानेला थोडा होईल.

सुरुवात काटेसावरीपासून करा. मुंबईत ती सोसायट्यांच्या आवारात, मैदानांच्या कडेला, जुन्या कारखान्यांच्या भिंतीआड अजून बरीच शिल्लक आहे. खोडावर शंकूसारखे काटे असतात, त्यावरून एरवीही ओळखू येते. जानेवारी सरता सरता पानं गळतात आणि उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं येतात. खाली पडलेलं एखादं उचलून बघा. पाच जाड, मेणचट पाकळ्या, मधे पुंकेसरांचा झुबका आणि बुडाशी हिरवट, जाडजूड वाटी. मध असतो या बुडाशी, आणि त्यासाठी सकाळी अख्खी आळी जमते. कावळे, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, शिवाय खारी. पोपट मात्र फुलं कुरतडून खाली टाकतात. रात्री वटवाघळांची पाळी असते. मार्चमधे नशीब असेल तर भोरड्यांचा थवा उतरतो. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख आणि कलकलाट असा की फेरीवाल्याची हाक ऐकू येऊ नये. या मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी आलेल्या पाहुण्या. एप्रिल संपेपर्यंत परतीला लागतात, म्हणून त्यांना पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता फोटोचं. झाडावर पान नाही, म्हणजे पाखरू लपणार कुठे? फोटो शिकायला याहून सोयीचं झाड नाही. आणि इथे मुंबईकराच्या हाती एक गोष्ट आहे जी गावाकडच्या माणसाकडे नाही: जिना. गावात खाली उभं राहून वर बघितलं की फोटोत येतं पाखराचं पोट आणि पांढरं आभाळ. आपण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या खिडकीत उभे राहिलो की थेट झाडाच्या शेंड्याशी. पाखरू डोळ्यांच्या रेषेत, मागे समोरच्या इमारतीची सावलीतली भिंत. आमच्या पार्ल्याच्या इमारतीत मी ही खिडकी सकाळी साडेआठपर्यंत अडवून बसते. नंतर ऊन पांढरं पडतं आणि शाळेच्या बसची धावपळही सुरू होते. एक व्यवहाराची गोष्ट: समोरच्या बिल्डिंगकडे कॅमेरा रोखून बसण्याआधी तिथल्या लोकांना सांगून ठेवा. काढलेले एकदोन फोटो दाखवा. पुढे तेच लोक फोन करून सांगतात, "ताई, तुमचा हिरवा पक्षी आलाय."

काटेसावरीमागून पांगारा आणि पळस. पळस शहरात कमी, पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेच्या बाजूला आहे. तिथेच उताराला धायटीची झुडपं बघा, बारक्या लाल नळ्यांनी फांद्या भरलेल्या असतात. शिंजीर तिथून हलत नाहीत. एप्रिलमधे करंज फुलतो आणि खाली फिक्या जांभळ्या फुलांचा सडा पडतो, त्याकडे कोणी बघत नाही. मग बहावा आणि आपलं राज्यपुष्प तामण. विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गालगतच्या गुलाबी झाडांबद्दल दरवर्षी पत्रं येतात. तो टॅबेबुया, मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. सुंदर दिसतो, नाही कशाला म्हणू? पण पाखरांची काटेसावरीसारखी झुंबड मी तिथे पाहिलेली नाही. आणि फोटोसाठी महामार्गावर गाडी थांबवू नका, सर्व्हिस रोडवरून चालत जा.

तरीही जमिनीवरचंच काही हवं असेल तर भिंतीच्या कडेला एकदांडी बघा, पिवळा डोळा आणि भोवती पांढऱ्या, टोकाला तीन दाते असलेल्या पाकळ्या. ती बारा महिने असते. मोकळ्या प्लॉटवर रुई आणि पिवळा धोतरा असतो. एकदांडीचा फोटो वरून काढाल तर बटणासारखा येईल. फोन उलटा करून, म्हणजे लेन्स जमिनीकडच्या बाजूला येईल असा, देठाच्या उंचीवर धरा. कडक उन्हात छत्रीची सावली करा. वाकायला त्रास होत असेल तर नातवंडाला कामाला लावा.

"आमच्या चाळीच्या कठड्याला जास्वंदीची कुंडी आहे. त्यावर छोटासा चमकणारा पक्षी येतो, चोच वाकडी आहे. मोबाइलवर फोटो काढते तर नुसता डाग येतो. आई म्हणते हमिंगबर्ड आहे." (नववीतली विद्यार्थिनी, लालबाग)

आईला सांग, हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत असतात. तुझ्याकडे येतो तो शिंजीर, कोणी सूर्यपक्षी म्हणतात. गंमत बघायची तर तो जास्वंदीच्या तोंडातून आत जातो का ते बघ. बहुतेक वेळा जात नाही. फुलाच्या बुडाशी, हिरव्या पेल्याच्या जवळ बसतो, चोचीने भोक पाडतो आणि मध चोरून पितो. परागीभवनाचं काम टाळून नुसती मजुरी घेतो म्हण ना. संध्याकाळी फूल गळेल तेव्हा बुडाशी ती बारीक चीर तुला सापडेल, तिचाही फोटो काढ.

याच सवयीत तुझ्या फोटोची किल्ली आहे. तो हवेत फार काळ थांबत नाही, फांदीला किंवा देठाला धरून बसतो, आणि ज्या फुलाला मध आहे त्याच्याकडे थोड्या थोड्या वेळाने परत येतो. तेव्हा पाखराच्या मागे फोन फिरवू नकोस. एक फूल ठरव. फोन कठड्यावर टेकव, खाली घडी घातलेला टॉवेल ठेव म्हणजे हलणार नाही. त्या फुलाच्या देठावर बोट दाबून धर, बहुतेक फोनमधे तिथे फोकस अडकून राहतो. मागच्या खोलीतली ट्यूबलाइट बंद कर. पाखरू बसलं की शटरचं बटण दाबून किंवा ओढून सलग फोटो घे, प्रत्येक फोनची रीत थोडी वेगळी असते. चिमटीने झूम वाढवत नेलंस की चित्र पिठाळ होतं; त्यापेक्षा फोनच्या लेन्सचा आहे तेवढाच झूम वापर आणि नंतर कापून घे. आणि आधी लेन्स पूस. लालबागला राहून लेन्सवर धूळ नाही असं होणारच नाही.

नर जांभळा शिंजीर हिवाळ्यात पिवळसर, मळकट दिसतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी असते. वीण जवळ आली की तो हळूहळू पूर्ण काळा-निळा होतो. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला एक फोटो काढलास तर ही कपडे बदलण्याची गोष्ट तुझ्याकडे पूर्ण येईल. शाळेच्या प्रकल्पाला पाहिजे तर हाच दे, इंटरनेटवरून चिकटवलेल्या चार्टपेक्षा लाखपट बरा.

"शिंजिराने आमच्या गॅलरीतल्या कपड्याच्या तारेवर घरटं बांधलं आहे. पावसाआधी रंगकाम ठरलंय. घरटं अलगद दुसरीकडे टांगता येईल का? आणि जवळून फोटो घेतले तर चालतील?" (वाचक, कांदिवली)

नाही, टांगता येणार नाही. जागा बदलली की आई परत येईल याचा भरवसा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात, म्हणजे १९७२ च्याच, अंडी-घरट्यांची नासधूस 'शिकारी'च्या व्याख्येत घातली आहे. ते बाजूला ठेवलं तरी रंगारी थोडा थांबला तर काय बिघडतं? अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. गॅलरी सोडून बाकीचं घर आधी रंगवून घ्या.

घरटं मात्र बघण्यासारखं असतं. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली लोंबती पिशवी, तिला सालींचे तुकडे, वाळकी पानं, कागदाचे कपटे चिकटवलेले. लांबून कोणी म्हणेल केर अडकलाय. दाराच्या वर छोटी पडवी काढलेली असते. बांधते मादीच. फोटो खोलीतून, पडद्याच्या फटीतून आणि फ्लॅशशिवाय काढा. आड येणारी पानं तोडू नका, तीच सावली आणि तोच आडोसा आहे. तुम्ही सारखे जाऊन उभे राहता हे कावळा समोरच्या छपरावरून बघत असतो, एवढं ध्यानात ठेवा.

"पहाटे पाचच्या आधीच कोणीतरी गोड शीळ घालतं. त्यानंतर कोकिळेचा धोशा. एकही दिसत नाही. झोप गेलीच आहे, निदान फोटो तरी मिळावा." (वाचक, दादर)

शीळ घालणारा दयाळ. काळा-पांढरा, शेपटी वर केलेला. डिश अँटेनाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या टोकावर बघा, उजाडेपर्यंत तिथेच असतो.

धोशा लावणारी कोकिळा नाही, कोकिळ आहे. नर काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची आणि ती फक्त 'किक्-किक्' करते. गाताना तो दाट पानात असतो, तिथे शोधून उपयोग नाही. तो खायला कुठे येतो ते बघा: वड, पिंपळ, उंबर, फळं पिकलेली असतील तिथे. काळ्या पाखराचा फोटो आभाळासमोर नुसती सावली येतो, म्हणून फोनवर पाखराला स्पर्श करून उजेडाची खूण वर सरकवा. आभाळ पांढरं पडलं तर पडू द्या, डोळा लाल दिसला पाहिजे. आणि कावळ्यांचं घरटं जवळ असेल तर आधी त्यावर नजर ठेवा. नर कोकिळ कावळ्यांना मुद्दाम पाठीमागे धावायला लावतो आणि मादी तेवढ्यात अंडं घालून येते असं मानतात. हा तमाशा भर दादरात फुकट बघायला मिळतो.

"राष्ट्रीय उद्यानात काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवतात, पक्षी लगेच समोर येतो. मीही तांबटासाठी करून बघू का?" (कॉलेजचा विद्यार्थी, बोरिवली)

नको. विणीच्या दिवसांत त्या नराला वाटतं, हद्दीत दुसरा घुसला. खाणं, घरटं सोडून तो भांडायला येतो आणि भांडायला कोणी नसतंच. ओळखीसाठी मर्लिनसारखं अ‍ॅप वापर, पण कानाने ऐकायला, स्पीकरवर वाजवायला नाही.

तांबटाला तर त्याची गरजच नाही. त्याचं 'टुक-टुक-टुक' सुरू झालं की जवळच्या झाडाचा सगळ्यात उंच, उघडा शेंडा बघ. सकाळचं ऊन खात तो तिथे बसतो, हिरवा, चिमणीएवढाच, कपाळाला आणि छातीला लाल टिळा. आवाज काढताना चोच मिटलेली असते आणि गळ्याची कातडी फुगते. बोलताना डोकं इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय तेच कळत नाही.

त्याचं घरटं वाळक्या फांदीत, बहुधा खालच्या अंगाला कोरलेल्या गोल भोकात असतं. आणि नेमक्या याच महिन्यांत आपल्या सोसायट्यांना पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची घाई होते. तुझ्या सोसायटीच्या सचिवांना सांग: १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे पालिकेची परवानगी लागते, ती घेतलीच असेल, पण करवत लावण्याआधी वाळक्या फांद्यांच्या खालच्या बाजूला दुर्बिणीने नजर टाका. भोक ताजं असेल, कडा पांढरट असतील, तर तेवढी फांदी पावसाळा संपेपर्यंत राहू द्या. धोका असेल तर अर्थात कापावीच लागते, माणसं खालून चालतात.

"कॅमेरा कोणता घेऊ?" (अनेक वाचक)

आधी ८×४२ ची दुर्बीण, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. मग मोठ्या झूमचा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा, जुना मिळाला तरी चालेल. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा, कपाटात कपड्यांखाली नको.

"पाखरांसाठी दाणे ठेवले तर नुसती कबुतरं येतात." (वाचक, घाटकोपर)

दाणे बंद करा, कबुतरं जातील. उथळ मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि रोज ओतून, घासून बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि पालिकेचा माणूस दार वाजवेल. बुलबुल, दयाळ, शिंपी पाण्यावर येतील. कठड्याला जास्वंद लावा, कुंडी मोठी असेल तर कढीपत्ताही, त्याची फळं बुलबुलांना आवडतात.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवताना झाडाचं नाव, विभाग आणि तारीख लिहा. राणीच्या बागेतलं उर्वशीचं झाड कोणाला फुललेलं मिळालं तर जरूर पाठवा, फक्त बाग बुधवारी बंद असते हे बघून जा. घरट्याचे फोटो आले तर पत्ता छापणार नाही.